लाल झाकणाखालचा खटका

सदाशिव सरांनी पान वाचलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. हे काही चांगलं लक्षण नव्हतं. सर मूळचे राजापूरकडचे, सिल्वासाच्या सरकारी शाळेत छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. एकदा वाचलेलं दुसऱ्यांदा वाचायची त्यांना गरज पडत नसे. समोर उलट्या डब्यावर बसलेल्या झुंबरने चहाची बशी खाली ठेवली.

"झुंबरराव, तो लाल झाकणाखालचा खटका तुम्ही वर करून ठेवता म्हणालात ना?"

"हो. आपल्या सगळ्या मशिनांचा वरच असतो. वर केला की मशीन मधेच थांबत नाही."

"थांबत नाही हे खरं," सर म्हणाले. "का थांबत नाही ते इथे लिहिलंय. ऐका."

आणि त्यांनी पानावर बोट ठेवून, वर्गात सांगावं तसं, एकेक वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगितलं. हा खटका लढाईच्या वेळेसाठी आहे. एरवी तेल कमी झालं किंवा पाणी उकळायला लागलं की हा जनरेटर आपणहून बंद होतो, म्हणजे इंजिन जळत नाही. पण तोफा धडधडत असताना उजेड जाऊन चालत नाही, म्हणून तेवढ्यापुरता हा खटका वर करायचा. मग तेल संपो, पाणी उकळो, जनरेटर चालतच राहणार, फुटेपर्यंत किंवा पेट घेईपर्यंत. यंत्र गमावायची तयारी असेल तरच हा खटका वापरावा आणि काम होताच खाली करावा. हे सगळं एका चौकटीत छापलेलं होतं आणि चौकटीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'सावधान' होतं.

झुंबरने पुस्तक हातात घेतलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण पानावरच्या चित्रातलं झाकण त्याने लगेच ओळखलं. त्या झाकणाला त्याने स्वतःच्या हाताने तार बांधली होती, सात मशिनांवर.

सकाळचे सव्वादहा वाजले होते. मोठ्या लाइनच्या दुरुस्तीसाठी आठ ते पाच वीज बंद राहणार, असं चार दिवस आधीच जाहीर झालं होतं आणि त्यामुळे आमलीपासून थेट नरोलीपर्यंत जिकडेतिकडे जनरेटर सुरू होते. झुंबरची सातही मशिनं या घटकेला चालू होती. त्यातलं एक नरोलीत, प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात, शेडच्या मागच्या भिंतीला लागून होतं. त्याच भिंतीला आतल्या बाजूने पाठ लावून झुंबरची बायको चिमाबाई बादल्यांच्या कडा तासत बसलेली असे. ती जागा तिने मागून घेतली होती. पलीकडे आपल्या माणसाचं मशीन चालतं, त्याचा आवाज कानावर असला की बरं वाटतं, असं ती म्हणायची.

हे प्रकरण कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर झुंबर सोनवणे म्हणजे कुणी निष्काळजी माणूस, असा समज व्हायचा. तसं मुळीच नव्हतं. शिरपूर तालुक्यातून बावीस वर्षांपूर्वी तो इथल्या धाग्याच्या मिलमध्ये आला आणि मिल सुटल्यावर भावेश शेठच्या यार्डात लागला. भावेश शेठ लष्कराच्या लिलावातून जुने डिझेल जनरेटर उचलायचा. शेवाळी रंगाचे, जाड पत्र्याचे, दोन-दोन बॅटऱ्यांवर सुरू होणारे हे धूड झुंबर खोलायचा, धुवायचा, पुन्हा जोडायचा आणि गिऱ्हाइकाकडे नेऊन बसवायचा. हात इतका साफ की इंजिनाला कान लावून कुठला वॉल्व्ह ढिला आहे ते सांगावं. पण सुरुवातीची मशिनं परत यायला लागली. गिऱ्हाइकांची तक्रार एकच, की मशीन मधेच बंद पडतं. आता, बंद पडतं म्हणजे तेल नाहीतर पाणी कमी आहे, एवढं पाहायचे कष्ट गिऱ्हाइकाने घेतले असते तर ते गिऱ्हाईक कसलं! झुंबरने आठवडाभर डोकं खाजवलं, प्रत्येक खटका वर-खाली करून पाहिला आणि लाल झाकणाखालचा खटका वर केल्यावर मशीन थांबायचं थांबलं. फौजेची खरी मांडणी हीच असणार, म्हणून तर वर लाल झाकण घालून जपलीय, असा त्याने अर्थ लावला. कुणी आडमुठ्याने हात लावू नये म्हणून झाकणावरून पोलादी तार आवळून तीन पीळ दिले. भावेश शेठने पाठ थोपटली. तेव्हापासून झुंबरचं मशीन थांबत नाही, हे बोलणं सिल्वासात रूढ झालं. गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच सांगायचं. लग्नात, बारशात लोक त्याची ओळख तशीच करून द्यायचे आणि झुंबरची मान जराशी वर व्हायची. यात खोटं काय आहे? माणसाला एखादी गोष्ट तर नावावर असावी.

पहिल्या लॉटबरोबर हे पुस्तकही आलं होतं. देखभालीचं, हिरव्या कापडी बांधणीचं, तीनशे पानांचं. झुंबर त्यातली चित्रं बघायचा, नटबोल्टांची मापं घ्यायचा आणि पुन्हा लाल फडक्यात गुंडाळून ठेवायचा. दर खंडेनवमीला पान्यांच्या आणि हातोड्यांच्या रांगेत पुस्तकालाही हळदकुंकू, झेंडूचं फूल. चौदा वर्षं पुस्तकाची पूजा झाली आणि वाचलं कुणी नाही. यार्डामागेच राहणाऱ्या सदाशिव सरांनी गेल्या दसऱ्याला हे पाहिलं आणि त्यांचा तोल गेला. ग्रंथाची पूजा वाचून करतात, कुंकवाने नाही, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज चहाच्या वेळी एक पान सांगायला यायला लागले. झुंबरने मधलं पुढलं विचारलं की सर चिडायचे. धडा सोडून पुढे जायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. प्रस्तावना वाचली, अनुक्रमणिका वाचली, वंगणाच्या डब्यांवर कुठल्या रंगाचा पट्टा हवा तेही वाचलं. सावधानचं पान यायला पाच महिने लागले. एकाने न वाचता पूजा केली, दुसऱ्याने ओळीने वाचायचा हट्ट धरला. दोघेही आपापल्या परीने पुस्तकाचा मानच राखत होते.

झुंबरने फोन काढला. राखोलीचं गिऱ्हाईक हसलं आणि म्हणालं की मशीन मस्त चालू आहे, तुमचं आहे म्हटल्यावर काळजी कसली. खडोलीच्या खडीवाल्याला समजावलं, तर तो म्हणाला बघतो आणि फोन ठेवून दिला. दादऱ्याच्या लग्नाच्या हॉलवाल्याने दोनदा विचारलं की बोलणारा झुंबरच आहे ना. सहा जणांना फोन झाले, सहाही जणांनी हो-हो म्हटलं आणि त्यातल्या एकानेही खटका खाली केला नसणार हे झुंबरला आवाजावरूनच कळलं. चौदा वर्षं ज्याने मशीन थांबत नाही म्हणून छाती पुढे काढली, तोच आज थांबवा म्हणतोय, हे कुणाच्या गळी उतरणार?

राहिलं नरोली. तिथे कामावर येणाऱ्या सगळ्यांचे फोन गेटवरच्या लाकडी खणांत ठेवून घेत. चिमाबाईचा फोन वाजून वाजून बंद झाला. कारखान्याच्या साहेबांचा नंबर एकट्या भावेश शेठकडे होता आणि शेठ फोन उचलत नव्हता. झुंबरने पाचव्यांदा लावला, तरी नाहीच.

"तुम्ही निघा," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी या सहा जणांना पुन्हा पुन्हा लावत बसतो."

मोपेडला किक मारताना झुंबरच्या डोक्यात एकच हिशेब होता. सकाळी आठपासून मशीन चालू, म्हणजे अडीच तास झाले. एरवी वीज जायची ती वीस मिनिटं, अर्धा तास. एवढा वेळ सलग ते मशीन बसवल्यापासून कधी चाललं नव्हतं.

वीज नाही म्हणजे सिग्नलही नाहीत. चौकात ट्रक, ट्रेलर आणि रिक्षा एकमेकांच्या अंगावर चढून उभ्या होत्या. झुंबरने मोपेड गटाराच्या कडेने काढली. अथालच्या पुलावर एक कंटेनर आडवा होता, त्याच्या मागे दोन्ही बाजूंनी रांग. झुंबर उतरला आणि मोपेड ढकलत कठड्याला घासत पुढे गेला. खाली दमणगंगेचं पाणी संथ होतं. कुणीतरी शिव्या घातल्या, त्या त्याला ऐकूही आल्या नाहीत. त्याला भिंत दिसत होती आणि भिंतीला टेकलेली चिमाबाईची पाठ.

बरं, नुसती भिंतच असती तरी एक वेळ बरं. महिन्याभरापूर्वी तो तिथे गेला होता तेव्हा शेडमध्ये जागा नाही म्हणून प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोण्या चिमाबाईच्या दोन्ही बाजूंना त्याच भिंतीला लावून रचल्या होत्या, माणसाच्या डोक्याच्या वर. मागचं दार त्या गोण्यांनी बुजून गेलं होतं. आत बत्तीस बायका आणि बाहेर पडायला पुढचं एकच शटर. तेव्हा हे त्याने पाहिलं होतं आणि त्याला काहीच वाटलं नव्हतं. आपलं मशीन आहे, त्याला काय होतंय!

गेटवर बारकू होता. इथलाच, जवळच्या पाड्यावरचा, ओळखीचा पहारेकरी. पण ओळख गेली चुलीत, नियम म्हणजे नियम. झुंबरला वहीत नाव लिही, फोन खणात ठेव, साहेबांना विचारून येतो, असं त्याने सांगितलं आणि तो खरंच सावकाश चालत विचारायला गेला. झुंबर फोन खणात टाकून गेटाबाहेर कान देत उभा होता. आवाज येत होता. बाकी कुणाला तो रोजच्यासारखाच वाटला असता, झुंबरला मात्र नाही. इंजिनाच्या एकसारख्या घरघरीखाली एक ठोका पडत होता, बारीक, कोरडा. तेल नसलेल्या लोखंडाचा.

बारकू परत यायच्या आत झुंबर गेटावरून चढून आत उतरला होता.

ओंकार साहेब शेडच्या तोंडाशीच भेटला. नाशकाकडचा, तिशीतला, डिप्लोमा केलेला, मनाने वाईट नव्हता, पण आज त्याला संध्याकाळपर्यंत कंटेनर भरून द्यायचा होता. त्याच्या मागे शेडमध्ये मशिनं धापा टाकत बादल्या ओकत होती. जनरेटर बंद करा, म्हणून झुंबरने सांगितलं. ओंकारने कारण विचारलं.

आणि इथे झुंबरची जीभ अडखळली. तेल बघायचं आहे, म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला तेवढंच म्हणता आलं. बायको भिंतीआड बसलेली, कानात तो ठोका, आणि तरी त्या माणसाला आपली चूक तोंडाबाहेर काढता येईना. माणूस असा असतो. जिवावर बेतलं तरी नाव सोडवत नाही.

"काका, आत्ता बंद केलं तर गरम प्लास्टिक नळ्यांत गोठून बसेल," ओंकार म्हणाला. "ते काढायला माझा उद्याचा दिवस जाईल. एक वाजता जेवणाची सुट्टी आहे, तेव्हा बघा तेल. आणि तुमचंच मशीन आहे, ते कुठे थांबतंय?"

तेच वाक्य. झुंबरला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. त्याने ओंकारचा हात धरला आणि शेडला वळसा घालून त्याला मागे नेलं. जनरेटरच्या पत्र्याच्या खोपटात हवा भट्टीतल्यासारखी होती. मशीन चालवणारा निलेश दारात डिझेलचा कॅन घेऊन उभा होता. तोही खानदेशातलाच, साक्रीकडचा. त्याने सांगितलं की आज मशीन जरा जास्तच तापलंय, पण झुंबरदादाचं आहे म्हणून काही बोललो नाही. पाण्याच्या काट्याने लाल पट्टा कधीच ओलांडला होता आणि तेलाचा काटा तळाशी निपचित पडला होता.

"साहेब, मी मशीन बंद करत नाही," झुंबर म्हणाला. "हा एक खटका फक्त खाली करतो. मशीन ठणठणीत असेल तर चालतच राहील. मग मी तुमचे पाय धरून परत जातो."

ओंकारने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. झुंबरने झाकणाला हात घातला. तार तापून लाल व्हायची तेवढी राहिली होती, बोटं भाजली. कुणाला सुटू नये म्हणून त्यानेच दिलेले ते तीन पीळ आता त्याच्याच्याने सुटेनात. निलेशने पक्कड दिली. झुंबरने तार तोडली, झाकण उचललं आणि खटका खाली केला.

मशीन त्याच क्षणी बंद पडलं.

एक श्वास घ्यायलाही वेळ लागला नाही. शेडमधली धाप थांबली, पंखे थांबले, आणि कितीतरी वेळ नुसता तापलेला पत्रा टकटक करत होता. किती वेळापासून त्या मशिनाला थांबायचं होतं कोण जाणे. झुंबर गुडघ्यावर बसला आणि त्याने खाली पाहिलं. तेलाच्या नळीला तडा गेला होता. तेल फरशीवरून वाहत भिंतीच्या तळाशी गेलं होतं आणि तिथल्या फटीतून आत, गोण्यांकडे. वर धुराचा पाइप काळाचा राखाडी होऊन गेला होता आणि त्याच्यापासून दोन वितींवर नळीतून तेलाचा शेवटचा थेंब लोंबत होता.

बायका बाहेर आल्या. काय झालं, सुट्टी झाली का, म्हणून विचारत एकेक करत खोपटाशी जमल्या. चिमाबाई त्यांच्यात होती. पदराने मान पुसत होती. नवऱ्याला तिथे गुडघ्यावर बसलेला पाहून ती थबकली.

ओंकार निलेशवर उखडला. तेल कधी पाहिलं होतंस, म्हणून त्याने विचारलं आणि निलेशने खाली मान घालून दिवाळीला असं सांगितलं. ओंकारने फोन काढून भावेश शेठला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. झुंबरचा फोन न उचलणाऱ्या शेठने साहेबांचा म्हटल्यावर पहिल्याच घंटीला उचलला. सगळं ऐकून घेतल्यावर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तेल जोवानुं काम पार्टीचं. ऑपरेटर तेल बघत नाही त्यात मशीन शुं करे? आपलं मशीन बरोबर छे. झुंबरभाई तिथेच आहे ना? विचारा एने."

आता सगळे झुंबरकडे बघत होते. शेठने त्याच्यासाठी दार उघडून दिलं होतं, फक्त मान हलवायची होती. तेल दिवाळीपासून पाहिलेलं नाही हे खोटं नव्हतंच. निलेश हळूच म्हणाला, "दादा, मन्ही एकट्यानी चूक नही शे." घरी त्याची दोन लेकरं होती आणि ही नोकरी गेल्यावर नरोलीत दुसरी कोण देणार होतं?

झुंबर उठला. त्याच्या हातात तुटलेली तार होती.

"तेल निलेशने बघायला पाहिजे होतं, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण तेल संपलं की हे मशीन आपणहून थांबतं. फौजेने तसंच बनवलंय. त्याचं थांबणं मी बांधून टाकलं होतं. ही तार माझ्या हातची आहे. मला माहीत नव्हतं, पुस्तकात लिहिलेलं मी आज ऐकलं. तरी बांधली मीच. सात मशिनांना."

पलीकडून शेठने फोन ठेवून दिला. झुंबरला चिमाबाईकडे बघायचा धीर होईना. याच बायकांना ती वर्षानुवर्षं सांगत आली होती, आमच्या ह्यांचं मशीन थांबत नाही म्हणून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओंकार शेडमध्ये गेला. भिंतीजवळच्या दोन गोण्या त्याने स्वतः ओढल्या, भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. परत आला तेव्हा त्याचा रंग उडाला होता. त्याने आधी निलेशला गोण्या हलवायला सांगितलं आणि मागचं दार मोकळं कर म्हणाला. मग झुंबरकडे न बघता म्हणाला, "काका, तुम्ही निघा. आणि पुन्हा या गेटात येऊ नका." आभार वगैरे कुणी मानले नाहीत. मानण्यासारखं होतं तरी काय, झुंबरलाच कळत नव्हतं.

तो मोपेडपाशी आला तेव्हा चिमाबाई मागून आली. गेटवरच्या खणातून दोघांचेही फोन घेऊन आली होती. त्याला वाटलं आता ही बोलेल. ती बोलली, पण वेगळंच.

"बाकीची सहा कुठे आहेत?"

फोन केलेत, असं त्याने सांगितलं.

"फोनवर सांगून कोण ऐकतं?" चिमाबाई म्हणाली. "मी त्या भिंतीला पाठ लावून बसायची. आज सकाळपासून पाठ भाजत होती. मी म्हटलं, ह्यांचं मशीन आहे, मग काय व्हायचंय. मला पाठीला कळत होतं तरी मी उठले नाही. ते लोक कशाला उठतील? चला."

ती मागे बसली. झुंबरला रडू आलं ते त्याने किक मारण्यात घालवलं.

आधी ते दादऱ्याला गेले, कारण हॉलमध्ये साखरपुड्याचे दोनशे पाहुणे होते. हॉलवाला त्याला बघून खुलला आणि शेजारच्या पाहुण्याला म्हणाला की हा बघा, ज्याचं मशीन थांबत नाही तो झुंबर. झुंबरने जे नरोलीत सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं असेल असं त्याला वाटलं होतं, तसं ते नव्हतं. हॉलवाल्याचा चेहरा पडला, पण त्याने खटका खाली करू दिला. या मशिनात तेल-पाणी होतं, ते चालत राहिलं. दोघं निघाले आणि रस्त्याला लागतात न लागतात तोच मागे वळून पाहणाऱ्या चिमाबाईने त्याच्या खांद्यावर थाप मारली. हॉलवाल्याचा माणूस झाकण उचलून खटका पुन्हा वर करत होता.

झुंबरने मोपेड वळवली. या वेळी तो कुणाशी बोलला नाही. सरळ मशिनापाशी गेला, पक्कड काढली, त्या खटक्याला मागून जाणाऱ्या दोन्ही वायरी कापल्या आणि खटकाच उपटून खिशात टाकला. हॉलवाला धावत आला. ऐन साखरपुड्यात बंद पडलं तर काय करू, म्हणून ओरडायला लागला.

"बंद पडलं तर मला बोलवा," झुंबर म्हणाला. "कधीही बोलवा. मी येईन."

पुढच्या पाच ठिकाणी त्याने विचारण्यात वेळ घालवला नाही. आधी वायरी कापल्या, मग कबुली दिली. राखोलीला त्याला धक्के मारून बाहेर काढलं. खडोलीचा खडीवाला मात्र मशीन बंद करून अर्ध्या वाटेवरच भेटायला आला. सदाशिव सरांनी त्याला अकरा वेळा फोन केला होता आणि बाराव्या वेळी, मशीन बंद केलं नाहीस तर तुझ्या दारात येऊन बसेन, अशी धमकी दिली होती. शेवटचं वासोण्याचं झालं तेव्हा पाच वाजले होते आणि गावात वीज परत आली होती.

भावेश शेठने दुसऱ्या दिवशी त्याला यार्डाच्या आत घेतलं नाही. पुस्तक मात्र सरांनी आदल्या दिवशीच घरी नेलं होतं, म्हणून ते शेठच्या तावडीतून वाचलं. आता झुंबरकडे पत्र्याची एक पेटी आहे, मोपेड आहे आणि ती सात मशिनं आहेत, कारण त्यांच्यात कुणी दुसरा मिस्त्री हात घालायला तयार नाही. सहा आपापल्या जागी चालू आहेत. सातवं, नरोलीचं, ओंकारनेच दोन महिन्यांनी बोलावून पुन्हा बांधून घेतलं आणि गेटवर बारकूने नाव लिहून घेतल्याशिवाय सोडलं नाही. गावात आता त्याला हसतात. झुंबरचं मशीन थांबतं, असं म्हणतात, आणि खरंच थांबतं. कधी तेल कमी, कधी जाळीत कचरा, कधी पट्टा तुटलेला. पहिल्या महिन्यात एकोणीस फोन आले.

परवा दुपारी दोघं जेवायला बसले होते. फोन वाजला. चिमाबाईने भाकरी मोडता मोडता विचारलं की कुठलं. वासोण्याच्या पंपावरचा माणूस होता आणि तो चांगलाच तापला होता. तुमचं मशीन पुन्हा थांबलं, असलं कसलं मशीन, म्हणून त्याने आईबहिणीवरून सुरुवात केली.

"बरं झालं," झुंबर म्हणाला आणि ताटावरून उठला. "हात लावू नका, मी निघालोच."